नऊ प्रश्नांची बेरीज

प्रति,
मा. सार्वजनिक आरोग्य मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

महोदय,


आपल्या खात्याच्या आशाताई तीस वर्षांवरच्या माणसांचा जो 'सीबॅक' फॉर्म भरतात, त्यात तंबाखू, दारू, कमरेचा घेर, घरात कुणाला मधुमेह आहे का, असं सगळं विचारून झालं की दोन प्रश्न मनाचे येतात. गेल्या दोन आठवड्यांत कशातच रस वाटला नाही असं किती दिवस झालं? उदास, निराश वाटलं असं किती दिवस झालं? प्रत्येक उत्तराला ० ते ३ गुण. बेरीज ३ पेक्षा जास्त भरली तर माणसाला समुदाय आरोग्य अधिकाऱ्याकडे किंवा प्राथमिक आरोग्य केंद्रात पाठवायचं. 'पीएचक्यू-९' नावाच्या नऊ प्रश्नांच्या प्रश्नावलीतले हे पहिले दोन. ती पूर्ण प्रश्नावलीही आता दवाखान्यांत, महाविद्यालयांत, स्वयंसेवी संस्थांच्या पाहण्यांत सर्रास भरून घेतली जाते.

मनाचं दुखणं सरकारी कागदावर आलं हे चांगलंच झालं. २०२२ साली देशात सर्वाधिक आत्महत्या महाराष्ट्रात नोंदल्या गेल्या, २२,७४६. अशा राज्यात हे प्रश्न घरोघर विचारायलाच हवेत. माझी हरकत विचारण्याला नाही, त्यानंतर होणाऱ्या बेरजेला आहे. माझी सगळी नोकरी संख्याशास्त्र शिकवण्यात गेली, आणि निवृत्तीनंतर पाहण्यांचे तक्ते तपासून देण्याचं काम माझ्याकडे येत असतं. त्या तक्त्यांत दिसणारा प्रकार ठरलेला आहे. नऊ उत्तरं गोळा होतात, त्यांची बेरीज होते, ती १० किंवा त्याहून जास्त भरली की त्या माणसापुढे 'नैराश्यग्रस्त' असं लिहिलं जातं, आणि मग गावाचे, तालुक्याचे, जिल्ह्याचे टक्के निघतात. मूळ नऊ उत्तरं तोवर टाकून दिलेली असतात.

ही प्रश्नावली अमेरिकेतली. रॉबर्ट स्पिट्झर, जॅनेट विल्यम्स आणि कर्ट क्रोएन्के यांनी १९९९ ते २००१ या काळात ती प्रसिद्ध केली. खर्च फायझर कंपनीचा, आणि फायझर नैराश्यावरचं औषधही विकत होती, हे जाता जाता सांगून ठेवतो. मात्र प्रश्नावली कुणालाही फुकट वापरता येते, हेही तितकंच खरं. स्पिट्झर म्हणजे अमेरिकी मनोविकारांच्या १९८० च्या वर्गीकरणाचे मुख्य शिल्पकार. त्या वर्गीकरणात नैराश्याची जी लक्षणं मांडली आहेत, त्यांचेच हे नऊ प्रश्न: रस नसणं, उदासी, झोप, थकवा, भूक, स्वतःला कमी लेखणं, लक्ष न लागणं, हालचाल मंदावणं किंवा अस्वस्थ येरझारा, आणि नववा, मरून जावं किंवा स्वतःला इजा करावी असे विचार. कमाल गुण २७. ५, १०, १५, २० हे उंबरठे. हे आकडे लक्षात ठेवायला सोपे आहेत, आणि ते निवडताना ही सोयही पाहिली होती, असं कर्त्यांनीच लिहून ठेवलं आहे.

आता बारा गुणांची दोन माणसं घ्या. पहिल्याला कशात रस उरलेला नाही, तो रोज उदास असतो, स्वतःला निकामी समजतो आणि जवळजवळ रोज त्याच्या मनात मरणाचे विचार येतात. चार प्रश्नांना प्रत्येकी ३, बाकी शून्य. दुसऱ्याची झोप गेली आहे, थकवा आहे, भूक मेली आहे आणि हालचाल मंद झाली आहे. त्याचेही चार त्रिक बारा. दुसऱ्याचं रक्त तपासलं तर कदाचित थायरॉइड किंवा रक्तक्षय निघेल. पहिल्याला आजच्या आज कुणीतरी जवळ बसून बोललं पाहिजे. अहवालात दोघंही 'मध्यम' या रकान्यात शेजारी शेजारी बसतात. नऊ प्रश्न, प्रत्येकी चार उत्तरं, म्हणजे फॉर्म भरण्याचे एकूण २,६२,१४४ प्रकार होतात. त्यांपैकी किती प्रकारांत बेरीज नेमकी १२ येते ते मी मांडून पाहिलं. २७,८७६.

हा नुसता कागदावरचा हिशेब नाही. आयको फ्रीड आणि रँडॉल्फ नेसे यांनी २०१५ साली अमेरिकेतल्या 'स्टार-डी' या मोठ्या औषध-चाचणीतल्या ३,७०३ रुग्णांची लक्षणं तपासली. निदान सगळ्यांचं एकच, नैराश्य. लक्षणांचे वेगवेगळे संच निघाले १,०३०. त्यातला सर्वांत जास्त आढळणारा संचही जेमतेम १.८ टक्के रुग्णांत होता, आणि जवळपास निम्मे संच असे की ते प्रत्येकी एकाच माणसात सापडले. त्याच फ्रीड यांनी पुढे नैराश्याच्या सात नामवंत प्रश्नावल्या शेजारी ठेवल्या, तर त्यांत मिळून ५२ निरनिराळी लक्षणं विचारलेली निघाली. एका प्रश्नावलीने मोजलेलं नैराश्य दुसरीने मोजलेल्या नैराश्याशी जुळेलच, असं धरून चालता येत नाही.

आता टक्केवारीकडे येतो, कारण बातमी तिची होते. समजा, एका गावात १००० प्रौढ आहेत आणि तज्ज्ञाने प्रत्येकाशी सविस्तर बोलून पाहिलं असतं तर त्यांतल्या ५० जणांना नैराश्य आढळलं असतं. १० च्या उंबरठ्यावर ही प्रश्नावली शंभर आजारी माणसांपैकी ८८ जणांना पकडते आणि शंभर निरोगी माणसांपैकी ८५ जणांना बरोबर सोडून देते. हे आकडे देशोदेशीच्या ५८ अभ्यासांची मूळ माहिती एकत्र करून २०१९ साली 'बीएमजे'त आलेले आहेत. म्हणजे ५० पैकी ४४ सापडले. उरलेल्या ९५० निरोगी माणसांपैकी १५ टक्के, सुमारे १४३ जण, चुकून यादीत आले. यादी झाली १८७ जणांची. अहवालात छापून येईल १८.७ टक्के. खरा आकडा ५. यात आशाताईंची चूक नाही आणि प्रश्नावलीही आपल्या जागी बरीच चांगली आहे. आजार विरळ असला की चाळणीचं गणित असंच येतं. त्याच संशोधकांच्या गटाने २०२० साली पडताळून पाहिलं, तेव्हा प्रश्नावलीने २४.६ टक्के लोकांत नैराश्य दाखवलं होतं आणि त्याच लोकांच्या सविस्तर मुलाखतींत ते १२.१ टक्के निघालं.

पैसेवारी म्हणजे काय, हे मंत्रालयात कुणाला समजावून सांगावं लागत नाही. आधी गावच्या पिकाची नजरअंदाज पैसेवारी निघते, मग सुधारित, मग अंतिम. अंतिम ठरवण्याआधी गावात पीक कापणी प्रयोग होतात: शेतातला ठरावीक मापाचा तुकडा आखायचा, पीक कापायचं, मळायचं, वजन करायचं. नजरअंदाजावरच ५० पैशांच्या आतबाहेर ठरवलं तर शेतकरी तहसीलवर मोर्चा आणतील, आणि बरोबरच करतील. प्रश्नावलीची बेरीज ही मनाची नजरअंदाज पैसेवारी आहे. तिच्यामागे पीक कापणी कुठे झाली, एवढंच मला आपल्याला विचारायचं आहे.

मनाच्या बाबतीत पीक कापणी म्हणजे निवडक लोकांच्या सविस्तर मुलाखती. ज्यांचे गुण जास्त आले त्यांच्या, आणि ज्यांचे कमी आले त्यांच्यातल्याही काहींच्या. हा दुसरा भाग नेहमी गाळला जातो. पण कमी गुणवाल्यांना विचारलंच नाही, तर किती आजारी माणसं चाळणीतून निसटली हे कधीच कळत नाही. या मुलाखतींवरून आपल्या प्रश्नावलीची पकड किती आणि चूक किती ते ठरतं, आणि मग कच्ची टक्केवारी दुरुस्त करणं हे एका ओळीचं गणित आहे. रोगन आणि ग्लॅडन यांनी ते १९७८ सालीच मांडून ठेवलं. वरच्या उदाहरणात १८.७ टक्क्यांवर ते सूत्र लावलं की उत्तर ५ च्या आसपास येतं. अडचण अशी की त्या सूत्रात घालायचे आकडे बाहेरून उसने आणून चालत नाहीत. ते इथलेच लागतात.

ते का, हे वर्धा जिल्ह्यातल्या एका गावात पूर्ण नऊ प्रश्नांची प्रश्नावली भरून घेताना मी आशाताईंबरोबर बसलो होतो तेव्हा चांगलं दिसलं. रब्बीचे दिवस. समोर चाळिशीतला शेतकरी, पायाला सुकलेला चिखल. झोपेचा प्रश्न आला. ''रातची लाइन हाये ना ताई, झोप कुठून येईन?'' त्या पाळीत शेतीपंपाची वीज रात्री होती आणि हरभऱ्याला पाणी द्यायचं होतं. डोक्याला बॅटरी बांधून रात्री शेतात जायचं, पहाटे परतायचं. ताईंनी नियमाप्रमाणे ३ वर खूण केली. थकव्याला पुन्हा ३. लक्ष लागत नाही, त्याला २. आठ गुण झाले, आणि तो माणूस आम्हाला चहा घेतल्याशिवाय उठू देईना. पुढच्या घरी सून भिंतीला टेकून उभी, सासू दारात शेंगा निवडत बसलेली. उदासीचा प्रश्न आला तशी सुनेने एकदा दाराकडे पाहिलं आणि म्हणाली, ''तसं काही नाही.'' नऊच्या नऊ शून्य. त्या मुलीला काही होतं असा माझा दावा नाही. पण ते शून्य तिच्या मनाचं होतं की दाराचं, हे मी तक्ता कितीही तपासला तरी मला सांगता येणार नाही. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ रुग्णाच्या माहितीच्या गोपनीयतेची हमी देतो. ती माहिती मुळात ओसरीत सगळ्यांसमोर विचारली जात असेल तर त्या हमीचा उपयोग काय?

झोपेच्या प्रश्नाचं जे झालं, त्यासाठी संख्याशास्त्रात चांगली अवजारं आहेत. डॅनिश गणिती जॉर्ज राश यांच्या १९६० च्या पुस्तकापासून एक मोठी परंपरा उभी राहिली आहे, जिच्यात एकूण बेरजेऐवजी एकेका प्रश्नाचं वागणं तपासतात. दोन गटांतली सारख्याच तीव्रतेची माणसं घ्यायची आणि पाहायचं, झोपेच्या प्रश्नाला एका गटाकडून उगाच जास्त गुण पडतात का? ओलिताचा शेतकरी आणि कोरडवाहू शेतकरी, ऊसतोडीला जाणारी बाई आणि शिक्षिका, विशीतला आणि सत्तरीतला, यांच्यात तो प्रश्न एकसारखा वागत नसेल तर त्यांच्या बेरजांची तुलनाच करता येत नाही. जिल्ह्यांची क्रमवारी लावणं तर दूरच. ही तपासणी करायला नऊ उत्तरं सुटी सुटी लागतात. बेरीज करून ती टाकून दिली की रस्ता बंद.

बेरजेमागचं एक गृहीतकही आपल्यापुढे ठेवायला हवं. चार्ल्स स्पिअरमन यांनी १९०४ साली मांडणी केली की वेगवेगळ्या विषयांतले गुण एकत्र वरखाली होतात, कारण मागे न दिसणारी एकच क्षमता असते. त्याच धर्तीवर नैराश्य नावाचं एक न दिसणारं कारण आत आहे आणि नऊ लक्षणं त्याचे परिणाम, असं धरलं तर बेरजेला अर्थ येतो. पण ॲम्स्टरडॅमचे डेनी बॉर्सबूम आणि त्यांचे सहकारी २०१० च्या सुमारापासून म्हणत आहेत की लक्षणं एकमेकांना जन्म देतात. झोप गेली की थकवा येतो, थकव्याने कामात चुका होतात, चुकांनी माणूस स्वतःला दोष द्यायला लागतो, आणि दोष देत जागा राहतो. हे चित्र खरं असेल तर त्या शेतकऱ्याला गोळीआधी दिवसाची वीज हवी. मला स्वतःला दुसरी मांडणी जगण्याच्या जास्त जवळची वाटते. तरीही तिच्या नावाने मधल्या काळात लक्षणांची जाळी काढण्याची जी लाट आली, तिच्याबद्दल मी सावध आहे: हजार माणसांना एकदाच विचारून काढलेल्या जाळ्यावरून कशामुळे काय झालं ते कळत नाही, आणि हजारांच्या सरासरीत दिसणारा संबंध एका माणसाच्या दिवसक्रमात तसाच असेल याचीही खात्री नसते. त्यासाठी त्याच माणसाला पुन्हा पुन्हा विचारावं लागतं.

अहवालांत एक वाक्य हटकून असतं: 'क्रोनबाख अल्फा ०.८ पेक्षा जास्त असल्याने प्रश्नावली विश्वसनीय आहे.' हे वाक्य वाचून कुणी निर्धास्त होऊ नये. अल्फा फार तर एवढंच सांगतो की उत्तरं एकमेकांबरोबर हलतात. का हलतात, हे त्याला विचारायची सोय नाही. एक आजार असला तरी तो जास्त येतो आणि लक्षणांची साखळी असली तरी जास्तच येतो.

आपल्या शेजारी हे काम नेटकं झालेलं आहे. गोव्यातल्या प्राथमिक दवाखान्यांत विक्रम पटेल आणि सहकाऱ्यांनी अशा पाच प्रश्नावल्या एकाच वेळी लोकांवर तपासून, मुलाखतींशी ताडून, २००८ साली निष्कर्ष छापले. पुढे 'संगत' संस्थेने गोव्यातल्या दहा प्राथमिक आरोग्य केंद्रांत ४९५ रुग्णांवर समुपदेशनाची चाचणी केली. तिच्यात रुग्ण घेण्याचा उंबरठा १० ठेवला नव्हता, १५ ठेवला होता, कारण तिथे हेतू तीव्र त्रासातल्या माणसांना गाठण्याचा होता. मानसशास्त्राची पदवी नसलेल्या समुपदेशकांनी उपचार केले आणि तीन महिन्यांनी त्या गटातले ६४ टक्के लोक १० गुणांच्या खाली आले. नेहमीचे उपचार मिळालेल्या गटातले ३९ टक्के. तीच प्रश्नावली, पण काय मोजायचं आणि कशासाठी, हे आधी ठरलेलं. अमरावती जिल्ह्यातल्या तीस गावांत 'विश्राम' प्रकल्प झाला, तिथेही प्रश्न नेमका होता: नैराश्य असलेल्यांपैकी किती जणांना कुठली तरी मदत मिळाली? ते प्रमाण ४.३ टक्क्यांवरून २७.२ टक्क्यांवर गेलं. 'जिल्ह्यात नैराश्य किती टक्के' या मथळ्यापेक्षा हा आकडा सरकारला कितीतरी जास्त कामाचा आहे.

राज्याच्या बाजूने पाहिलं तर मात्र २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात, जे मुलाखतींवर आधारलेलं होतं, बारा राज्यं होती आणि त्यांत महाराष्ट्र नव्हता. म्हणजे आपल्या बेरजा ताडून पाहायला त्या सर्वेक्षणातून आपल्या हाती काहीच आलेलं नाही.

तेव्हा माझी विनंती अशी. जिथे जिथे आपल्या खात्याच्या पैशाने ही प्रश्नावली भरली जाते, तिथे बेरजेबरोबर प्रत्येक प्रश्नाचं उत्तर नोंदवून ठेवण्याचा आदेश निघावा, आणि नावगाव काढून टाकून ती माहिती अभ्यासकांना खुली व्हावी. आठही आरोग्य मंडळांत काहीशे माणसांच्या सविस्तर मुलाखती व्हाव्यात, कमी गुणवाल्यांसकट, आणि त्यावरून राज्याचा आपला उंबरठा ठरावा. तोवर कुठल्याही जिल्ह्याची टक्केवारी 'नैराश्याचं प्रमाण' म्हणून जाहीर करू नये. 'पुढील तपासणीसाठी निवडलेले' एवढंच म्हणावं. आशाताईंवर 'इतके रुग्ण शोधा' असं उद्दिष्ट लादू नये, कारण उद्दिष्ट आलं की खुणा उद्दिष्टाकडे पाहून होतात. प्रश्न विचारायला आडोसा मिळावा, निदान वेगळी खोली.

नवव्या प्रश्नाचं मी वेगळं सांगतो. ते उत्तर बेरजेत बुडवू नका. एकूण गुण ४ असोत की २४, नवव्याला शून्याखेरीज कुठलंही उत्तर आलं तर त्याच दिवशी त्या माणसाशी कुणीतरी जबाबदारीने बोललं पाहिजे, आणि 'टेली-मानस' या हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक ताईंच्या समोरच जोडून दिला पाहिजे. सीबॅकमध्ये हा प्रश्न मुळात नाहीच. शिवाय तिथल्या उंबरठ्याचाही खुलासा हवा. फॉर्मवर '३ पेक्षा जास्त' आहे, म्हणजे ४ पासून पुढे. याच दोन प्रश्नांच्या चाचणीचा २००३ साली कर्त्यांनी सुचवलेला उंबरठा ३ पासून सुरू होतो. बरोबर ३ गुणांचा माणूस एका नियमाने दवाखान्यात जातो, दुसऱ्याने घरी राहतो. फॉर्म केंद्राचा आहे हे मला माहीत आहे. पण तो भरतात आपल्या ताई, आणि खुलासा मागण्याचा अधिकार आपल्याला आहे. तीस वर्षांखालच्या मुलामुलींना हा फॉर्म विचारतच नाही, हेही खुलासा मागताना लिहावं.

या कामाला परदेशी सल्लागार लागत नाहीत. देशाच्या कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाचा नमुना आखणारी आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्था देवनारला आहे. येरवडा, ठाणे, नागपूर आणि रत्नागिरी इथे आपलीच चार प्रादेशिक मनोरुग्णालयं आहेत, आणि मुलाखती घेऊ शकतील असे मानसशास्त्राचे पदव्युत्तर विद्यार्थी राज्यभरच्या विद्यापीठांत आहेत. पुढच्या फेरीचे फॉर्म छापायला जाण्याआधी आपण या लोकांना एकदा एकत्र बसवावं, ही विनंती.

कळावे,

आपला,
एक निवृत्त संख्याशास्त्र शिक्षक